लहानीची दुर्बीण

माझ्या थोरल्या जावेचं नाव लहानी. नाव लहानी आणि घरात मोठी, इथूनच सगळी बोंब. मी तिच्याविषयी गोडगोड बोलेन असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आत्ताच उठून घरी जावं. आमचं दोघींचं कधी पटलं नाय. आजही पटत नाय. पण गावात तिच्या मागं जे काय बोललं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं. ज्यांना अर्धं ठाऊक तेच जास्त बोलतात. मला सगळं ठाऊक हाय, म्हणून मी सांगते.

आमचं गाव मुरबाडवरनं म्हशाच्या जत्रेला जाताना आतल्या अंगाला लागतं. सासू गोजरबाई, तिचे दोन पोरगे. थोरला महिपत, तो लहानीचा नवरा. धाकटा देवजी, तो माझा. मी जना. सासरा गेल्यावर वाटणी झाली. सासूनं घराच्या मधोमध भिंत घातली, स्वतः थोरल्याकडं राहिली, भांडी वाटली, आणि पाटा दिला लहानीला, वरवंटा दिला मला. का, तर दोघींनी एकमेकींच्या दारात जावं, गोडीनं राहावं. कसली गोडी! लहानीनं पाटा घेतला आणि ओढ्यातनं लांबट गोटा उचलून आणला. मी वरवंटा घेतला आणि फुटक्या फरशीवर वाटायला लागले. मिरच्या उडून डोळ्यात जायच्या, मी बोंबलत बसायची, पण तिच्या दारात गेले नाय. भिंतीपलीकडनं तिच्या गोट्याची घरघर ऐकू यायची, ती पण मला ऐकवायलाच जोरात वाटायची.

लहानी माहेरची शेणव्याची. अंगानं काटकुळी, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या बांधाला पोचेल असा. मुरबाडच्या बाजारात भेंडी विकायला बसायची. गिऱ्हाईक भेंडी निबर हाय का बघायला शेंडा मोडतं ना, तिच्यापुढं मोडून दाखवा! "शेंडा मोडलास, आता घ्यायची. तुझ्या मोडक्या भेंड्या काय मी घरी नेऊन मिरवू?" असं चार माणसांत बोलायची. सुटाबुटातला माणूस पण मुकाट पिशवी पुढं करायचा. मी तिच्यापासनं चार पाट्या सोडून बसायची. तिची भेंडी माझ्या आधी खपायची, याचाही मला राग हाय.

लग्नाच्या आधी तिचं पोट उघडलेलं होतं. अपेंडिक्स आत फुटलेलं, मरता मरता वाचली. बेंबीच्या खालपर्यंत जाडजूड वळ होता. आमची सासू तो वळ बघून बोलली होती, "फाटकी पोरगी आमच्या गळ्यात मारली." नव्या नवरीला हे बोलणं! लहानीनं लगेच तोंडावर परत दिलं, "फाटकी हाय तर शिवून घे." तिथनं त्या दोघींचं जे लागलं ते लागलंच.

मंग तिला दोन पोरी झाल्या. पहिली अनिता, दुसरी तिच्या पाठची. दुसरीच्या बारशाला सासूनं पाळण्याकडं पाठ केली. महिपत तर आईच्या शब्दाबाहेर नाय. आईनं बस सांगितलं की बसायचा, ऊठ सांगितलं की उठायचा. वंशाला दिवा पायजे, दिवा पायजे, एवढंच त्या घरात ऐकू यायचं. दोन पोरी अंगणात खेळतायत आणि म्हातारी त्यांच्या देखत बोलायची, "या काय, परक्याचं धन." माझे दोन पोरगे, एक पोरगी. तर माझ्या पोरांना बोलावून ती खाऊ द्यायची आणि लहानीच्या पोरी बघत राहायच्या. मी माझ्या पोरांना पाठीत धपाटा घालून घरी आणायची. मला लहानीचा राग होता, तिच्या पोरींचा नव्हता.

आता जे सांगते ते नीट ऐका. आमच्याकडं बायांत 'ऑपरेशन' बोललं की एकच ऑपरेशन. मूल बंद करायचं. त्यात प्रकार दोन, टाक्याचं आणि दुर्बिणीचं. टाक्याचं म्हंजे पोट कापून टाके घालायचे, आठवडाभर पडून राहायचं. दुर्बिणीचं म्हंजे बेंबीजवळ भोक, नळी आत, संध्याकाळी चालत घरी. "तुझं कसलं?" "दुर्बिणीचं." बास. दुसरी कसली दुर्बीण असते हे आमच्या बापजन्मात कुणाला ठाऊक नव्हतं.

ब्याण्णव-त्र्याण्णवची थंडी असंल. एका शिबिरात मी ऑपरेशनला गेले. उघड गेले, देवजीला सांगून गेले, त्यात लपवण्यासारखं काय नव्हतं. शाळेच्या खोलीत सतरंज्या टाकलेल्या, बाया ओळीनं निजलेल्या. माझ्या शेजारची बाई तोंडावर पदर घेऊन पडली होती. तिचे पाय मी बघितले आणि चमकले. ते पाय मी रोज भिंतीपलीकडच्या उंबऱ्यावर बघत होते. मी पदर ओढला. लहानी!

"तू इथं?"

"मंग? तुझ्याच बापाचं शिबिर हाय?"

"महिपतला ठाऊक हाय?"

तिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "बोललीस कुठं तर जीभ उपटून हातात देईन."

"मला काय पडलंय तुझं," मी बोलले आणि कूस बदलली.

घरात माहेरी जाते असं सांगून ती आली होती. नर्सबाईला केसेसचा आकडा भरायचा होता, तिनं नवऱ्याची फार चौकशी केली नाय. पण लहानीचं नशीब तिच्या तोंडासारखंच वाकडं. डॉक्टरनं नळी आत घातली आणि थांबला. मी शेजारच्याच टेबलावर होते, मी ऐकलं. "जुन्या ऑपरेशननं आतमधे सगळं चिकटलंय, दुर्बीण जात नाही." मंग त्या जुन्या वळावरनंच कापलं आणि टाके घातले. ती शेणव्याला आईकडं जाऊन पडली. टाक्यात पू झाला, ताप चढला, तिच्या आईनं रडून रडून गाव डोक्यावर घेतलं. महिना उलटला तेव्हा ती परत आली, टायफॉइड झाला होता असं सांगितलं. वळ होता तसाच होता, थोडा आणखी जाड. कुणाला कळणार?

ठाऊक होतं फक्त मला. त्याच्यानंतर आमची काय थोडी भांडणं झाली? कोंबडीवरनं झाली, पाण्याच्या पाळीवरनं झाली, भेंडीच्या पाटीवरनं भर बाजारात झाली. मी तिची आई काढली, भाऊ काढला, तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या. हे मात्र मी तोंडातनं काढलं नाय. एकदा जिभेवर आलं होतं, गिळलं. बायामाणसांचं भांडण झालं म्हणून काय झालं, त्यालाही काही रीत असते.

आणि सासू? तिचं सुरूच. दरवर्षी म्हशाच्या जत्रेत नवस. सुनेला पोरगा होऊ दे. लहानी बापडी हात जोडून उभी राहायची. बापडी कसली, मनात हसत असंल. अनिताला तर म्हातारीनं सोमवार धरायला लावले, भाऊ येऊ दे म्हणून. एवढीशी पोर, उपाशी राहायची. तेव्हा लहानीचं तोंड बघवत नसे. पोरीचा उपास मोडावा म्हणून ती मुद्दाम दुपारी तिच्यापुढं भाकरी भाजायची. पोरगी खायची नाय.

मंग तिला ते सुरू झालं. पहिल्यांदा भाताच्या लावणीच्या वेळी. वाकली, आणि तशीच चिखलात बसली. तोंड पिठासारखं पांढरं, घामानं लुगडं भिजलं, छाती अशी उडत होती की वरनं दिसत होती. डोकं फुटतंय, फुटतंय, असं ओरडली. चहा उकळेपर्यंत सगळं गेलं, उठली, पुन्हा लावायला लागली. नंतर भेंडी तोडताना वाकली की तेच. हंडा उचलला की तेच. सासू बोलली, नाटकं. भगत बोलला, वारं हाय. महिपत काय बोलला? बिडी ओढत बसला.

अशी काही वर्षं गेली. ती वाळत चालली, आणि म्हातारीनं शोध लावला की पिशवी सरकली म्हणून पोर राहत नाय आणि त्याचंच हे वारं. सिद्धगडाच्या पायथ्याकडनं एक पोट चोळणारी बाई आणली. मी भिंतीच्या अलीकडं तांदूळ निवडत होते. त्या बाईनं तेल घेऊन डाव्या बरगडीखाली अंगठे रोवले आणि लहानी ओरडली. तिचं ओरडणं मी रोज ऐकायची, ते रागाचं असायचं. हे तसलं नव्हतं. मी सूप फेकलं आणि पहिल्यांदा तिच्या उंबऱ्याच्या आत गेले.

ती धनुष्यासारखी वाकली होती, डोळे वर गेलेले, ओठ निळे. ती बाई अजून चोळत होती आणि सासू सांगत होती, "सोडू नको, निघतंय!" मी त्या बाईला केसाला धरून बाजूला केली. होय, केसाला धरून. सासूला बोलले, "मारतेस का तिला?" देवजीनं जीप आणली, आमी तिला मुरबाडला नेली. डॉक्टरनं दाबाचा पट्टा बांधला आणि मशीनकडं बघतच राहिला. दुसरं मशीन आणलं. मंग आमच्यावर ओरडला, "पोट चोळलं? कोणत्या गाढवानं चोळलं?" मी सासूकडं बोट केलं. मला काय भीती हाय कुणाची.

तिथनं कल्याण, तिथनं मुंबईचं मोठं सरकारी हॉस्पिटल. फोटो काढले, रक्त घेतलं, लघवी साठवली. मंग कळलं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते, डाव्या बाजूच्या ग्रंथीवर गाठ झालेली. मोठा डॉक्टर समजावून सांगायचा, माणूस बरा होता. बोलला, "समोर वाघ आला की माणसाच्या अंगात एक रस सुटतो, छाती धडधडते, घाम फुटतो. यांच्या गाठीतून तो रस उगाचच सुटतो. वाकलं, दाबलं, की सुटला." मी मनात बोलले, उगाच कुठं, घरात म्हातारी हाय की. गाठ काढली नाय तर एखाद्या दिवशी मेंदूतली नस फुटेल, असं त्यानं सांगितलं. आधी गोळ्या देऊन दाब उतरवायचा, मंगच ऑपरेशन.

गोळ्या संपत आल्या तेव्हा आमाला पुन्हा भरती केलं. महिपत सोडून गेला तो गेलाच. सोबतीला मी आणि सासू. मी का? तर मी सातवी शिकलेली, बोर्ड वाचता येतात, म्हणून देवजीनं धाडलं. सासू का? सुनेवर नजर ठेवायला.

डॉक्टर खाटेजवळ आला, बोलला, "दुर्बिणीतून काढू. मोठी चीर नको."

सासू अशी उठली की स्टूल पडलं. "दुर्बीण नाय! दुर्बीण करू देणार नाय! माझ्या पोराला अजून पोरगा व्हायचाय!"

सगळा वॉर्ड बघायला लागला. शेजारच्या खाटेवरची बाई तोंडात पदर कोंबून हसत होती. डॉक्टरला आधी कळेचना. नर्सनं कानात सांगितलं तेव्हा तो बोलला, "आजी, ते नाही. ही नळी घालून गाठ काढायची. मूल होण्याशी काही संबंध नाही." सासू खाली बसली, पण तिचं तोंड सांगत होतं की ती फसणारी नाय.

मंग डॉक्टरनं लहानीच्या पोटावरचा वळ बघितला. "हे कसलं?"

"अपेंडिक्स. लग्नाच्या आधी."

"नंतर पुन्हा उघडलंय? नीट आठवून सांगा. एकदाच असेल तर मी पोटातून जाईन. दोनदा उघडलं असेल, पू झाला असेल, तर आतडी आतून पोटाला चिकटलेली असतात. नळी घालताना आतड्याला भोक पडू शकतं. मग मला वाट बदलावी लागेल."

सासू तिच्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघत होते. लहानी छताकडं बघत बोलली, "एकदाच."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेला.

नळावर पाणी भरायला गेली तेव्हा मी तिला गाठलं. "सांग त्याला."

"काय सांगू?"

"येड पांघरू नको. आतडं फुटलं तर मरशील."

"मरेन. तुझं काय जातं?"

"माझं काय जात नाय. पोरींचं जातं. तू गेलीस की ती म्हातारी त्यांना कशी जेवायला घालील ते मी बघितलंय."

"म्हणूनच सांगत नाय ना गो, भवाने!" तिचा आवाज फाटला. "सांगितलं की ती मला हाकलील. पोरींसकट. महिपत दुसरी आणील. कुठं जाऊ मी? शेणव्याला भाऊ ठेवील का?"

"मेलीस तर हाकलायची पण गरज नाय. आपोआप दुसरी येईल."

बादली भरून वाहत होती, मी नळ बंद केला. "तू नाय सांगितलंस तर मी सांगीन," मी बोलले.

"सांग तर! तुझ्या घरादाराला..." असं करून तिनं जे शिव्या द्यायला सुरुवात केली ती खाटेपर्यंत थांबली नाय. मी पण काय गप्प बसले नाय. नर्सनं आमाला दोघींना झापलं.

सकाळी डॉक्टर फेरीला आला. मी उठून त्याच्याकडं निघाले, तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात लहानी सासूला बोलली, "आत्या, खालनं चहा आण. साखर जास्त." सासूला कधी तिनं कामाला लावलं नव्हतं. म्हातारी इतकी गोंधळली की उठून गेली. ती जिन्यावर दिसेनाशी झाली आणि लहानीनं डॉक्टरला सगळं सांगितलं. शिबिर, टाके, पू. भराभर, एका दमात, नजर दाराकडं. सांगून झाल्यावर बोलली, "हे माझ्या माणसांना कळलं तर मी जिवंत राहून उपयोग नाय."

डॉक्टर खुर्चीवर बसला. हळू आवाजात बोलला, "मग पोटातून नकोच. पालथं झोपवतो, पाठीतून जातो. ग्रंथी पाठीच्याच अंगाला असते, आतड्यांना हातही लागणार नाही. आणि तुम्ही मला जे सांगितलंत ते मी कुणाला सांगणार नाही. कुणालाच." बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांकडं पण त्यानं असं बघितलं की त्यांनी माना डोलावल्या.

ऑपरेशन झालं. मधी एकदा दाब आभाळाला भिडला आणि एकदा तळाला गेला असं नंतर कळलं, पण ती वाचली. पाठीवर बरगडीखाली तीन भोकं, बास. शुद्धीवर आली तेव्हा मी समोर होते. माझ्याकडं बघून बोलली, "तू अजून इथंच? घरी कामं नायत?" मला एवढा राग आला की सांगता सोय नाय. बाहेर जाऊन मी रडले पण, ते सोडा.

घरी आली. वाकली तरी काय नाय, हंडा उचलला तरी काय नाय. अंग भरलं, आवाज पुन्हा बांधापलीकडं जायला लागला. सुखानं राहायचं की नाय लोकांनी? पण गावात जो तो विचारायचा, "कसलं ऑपरेशन झालं लहानीचं?" कुणीतरी सांगायचं, "दुर्बिणीचं." आणि ऐकणारा मान हलवायचा, "असं होय. मंग बंद केलं म्हणा."

हे सासूच्या कानावर आलं आणि तिची ट्यूब पेटली. ती सगळ्यांना सांगत सुटली, "मी तेव्हाच बोलले होते! डॉक्टरनं गाठीचं नाव करून माझ्या सुनेची दुर्बीण केली. म्हणून पोर राहत नाय." मी बोलले, "अगो, भोकं पाठीला हायत." तर म्हणे, "पाठीतनं वळून गेले असतील." त्याच्याआधीची दहा वर्षं पोर राहिलं नव्हतं ते कुणाला आठवायचं होतं? लहानी गप्प होती. कुणी विचारलं तर हूं नाय की चूं नाय. मला वाटलं, चला, सुटली. दोष डॉक्टरच्या माथी गेला, हिचं घर राहिलं. तिच्या जागी मी असते तर मी पण गप्पच बसले असते.

पण महिपतला चेव आला. जन्मात आईपुढं ब्र न काढणारा माणूस, त्याला गावातल्या पोरांनी चढवला. डॉक्टरला जाब विचारायचा, तोंडाला काळं फासायचं, आपल्या माणसांना अडाणी समजतात काय! एका सकाळी अंगणात जीप उभी राहिली. सात-आठ जण कोंबून बसले. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात काळ्या रंगाचा डबा. सासू नारळ ओवाळत होती. हातात काठ्या घेऊन चाललेत आणि ही नारळ ओवाळतेय!

मी माझ्या ओट्यावर उभी होते. लहानी दारात भेंडी पाटीत भरत होती. तिनं हातातली भेंडी खाली ठेवली, उठली, आणि जीपच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"उतरा खाली."

"बाजूला हो," महिपत बोलला.

"उतरा बोलते ना! त्या माणसानं काय नाय केलं. त्यानं मला वाचवलं. ऑपरेशन मी केलं. धाकटी चालायला लागली त्या साली. शिबिरात. माझ्या पायानं चालत गेले, कुणी नेलं नाय."

जीपवाल्यानं इंजिन बंद केलं. सासूच्या हातातला नारळ तसाच.

"खोटं बोलते," सासू बोलली. "डॉक्टरनं पढवलंय."

"जनाला विचारा. शेजारच्या सतरंजीवर होती."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बोलले, "होय. होते. डोळ्यांनी बघितलं."

महिपत खाली उतरला आणि त्यानं तिच्या कानाखाली मारली. अख्ख्या गावासमोर. ती हलली नाय, पदर सावरला आणि बोलली, "आणखी मार. पण मुंबईला जायचं नाय." तो पुन्हा हात उचलायला लागला तेव्हा देवजीनं त्याचं मनगट धरलं. पोरं एकेक करून जीपमधनं उतरली आणि खाली बघत पांगली. तो काळ्या रंगाचा डबावाला सगळ्यात आधी.

"दहा वर्षं," सासू किंचाळली. "दहा वर्षं नवस करते मी! तू हात जोडून उभी राहायचीस माझ्या बाजूला! वंश बुडवलास! का केलंस? का?"

"मला दोन पोरी पुऱ्या होत्या."

"निघ. आत्ताच्या आत्ता निघ माझ्या घरातनं. आणि तुझ्या त्या दोघींना घेऊन निघ."

लहानीनं तिच्याकडं बघितलं पण नाय. ती वळली आणि तिला अनिता दिसली. पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तेव्हा ती चांगली मोठी, दहावीला असंल. सोमवार होता. सकाळपासनं पोटात काय नव्हतं तिच्या. कधीपासनं उभी होती आणि काय काय ऐकलं होतं देव जाणे.

"आई," ती बोलली. "पुऱ्या होत्या म्हंजे?"

लहानीचा गाल सुजायला लागला होता. ती खेकसली, "म्हंजे पुऱ्या! भरपूर! आणखी कुणी नको होतं मला! कळलं? उपास सोड तो आजपासनं. जा, चुलीवर भात टाक."

पोरगी आत गेली. डब्यातनं तांदूळ काढल्याचा आवाज आला, मंग आवाज थांबला.

"आई, किती जणांचा टाकू?"

अंगणात सासू होती, महिपत होता, आमी सगळे होतो.

"तिघींचा," लहानी बोलली.